वर्दीतला माणूस लोकशाही आणू शकतो का? पोर्तुगालचे जनरल एआनेश (1976–86)

सह्यगिरी
लष्करशहांचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा अयूब, झिया, मुशर्रफ यांच्यावरच घुटमळते. त्यामुळे वर्दीवाला एकदा खुर्चीत बसला की उठत नाही, हे आपण जवळपास गृहीत धरलंय. मला एका वेगळ्या उदाहरणाबद्दल बोलायचंय, पोर्तुगालचे जनरल आंतोनियो रामाल्यो एआनेश.

पार्श्वभूमी थोडक्यात. 1926 च्या लष्करी उठावानंतर पोर्तुगालमध्ये 48 वर्षं हुकूमशाही होती, त्यातली बहुतेक सालाझारची. अंगोला, मोझांबिक आणि गिनी या आफ्रिकेतल्या वसाहतींमधल्या लढायांना विटलेल्या कॅप्टन-मेजर हुद्द्याच्या अधिकाऱ्यांनी 25 एप्रिल 1974 रोजी ती उलथवली. त्यानंतरची दोन वर्षं प्रचंड धामधुमीची. सहा हंगामी सरकारं, बँकांचं राष्ट्रीयीकरण, दक्षिणेत जमिनींवर मजुरांचे ताबे, आणि खुद्द लष्करात तट. 25 नोव्हेंबर 1975 ला डाव्या गटाकडे झुकलेल्या पॅराट्रूपर्सनी हवाई तळ ताब्यात घेतले. ते बंड मोडण्याची सूत्रं लिस्बनजवळच्या आमादोरातून एआनेश यांनी हलवली. तेव्हा ते होते फक्त लेफ्टनंट कर्नल. पुढच्या जूनमध्ये 61 टक्क्यांहून जास्त मतं घेऊन ते राष्ट्राध्यक्ष झाले, 1980 मध्ये पुन्हा निवडून आले आणि मार्च 1986 मध्ये मुदत संपल्यावर घरी गेले.

ते घरी गेले याचं मला कौतुक आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट मधल्या काळात घडली. 1976 च्या राज्यघटनेत लष्करी अधिकाऱ्यांची 'क्रांती परिषद' होती. कायदा घटनेला धरून आहे की नाही यावर अखेरचा शब्द तिचा, आणि लष्कराबाबतचे कायदे तीच करणार. 1982 च्या घटनादुरुस्तीत ही परिषद बरखास्त झाली, तिच्या जागी घटना न्यायालय आलं, आणि राष्ट्राध्यक्षांचे स्वतःचे अधिकारही कापले गेले. हे सगळं एक जनरल राष्ट्राध्यक्षपदी असताना झालं, आणि छावणीतून एकही रणगाडा बाहेर आला नाही.

याचं श्रेय माणसाला द्यायचं की परिस्थितीला? तुमची मतं वाचायला आवडतील.

घाटपायथा
छान विषय. वाचतोय.

रेवती_के
धागा आवडला, पण मांडणी पटली नाही. लोकशाही एआनेश यांनी आणली असं सुचवणं म्हणजे मतदारांवर अन्याय आहे.

घटना समितीची निवडणूक 25 एप्रिल 1975 ला झाली, क्रांतीला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी. जवळपास 92 टक्के लोकांनी मतदान केलं. लष्करातला एक गट लोकांना कोरी मतपत्रिका टाका म्हणून सांगत होता. लोकांनी ऐकलं नाही. समाजवाद्यांना 38 टक्क्यांच्या आसपास, त्यांच्या उजवीकडच्या लोकशाहीवाद्यांना 26 आणि कम्युनिस्टांना साडेबारा टक्के मतं मिळाली. देशाला काय हवंय हे त्याच दिवशी कळलं. ज्या म्हाताऱ्यांनी आयुष्यात कधी खरं मतदान केलं नव्हतं, ते तासन् तास रांगेत उभे होते. नोव्हेंबरात एआनेश जिंकू शकले, कारण त्यांच्या पाठीशी हा कौल होता.

फौजी_आण्णा
रेवतीताई, तुमचा मुद्दा रास्त. पण कौल असून उपयोग काय, जर बंदूक दुसऱ्याच्या हातात असेल? म्यानमारमध्ये 2020 ला लोकांनी स्पष्ट कौल दिला, फेब्रुवारी 2021 मध्ये सेनेने तो पायदळी तुडवला. कौलाचं रक्षण करणारा कुणीतरी वर्दीत असावा लागतो.

मी सैन्यात नोकरी केली आहे, म्हणून 25 नोव्हेंबरबद्दल लिहितो. त्या रात्री बंड मोडणं तुलनेनं सोपं होतं, आमादोराची कमांडो रेजिमेंट एआनेश यांच्या बाजूने होती. कठीण काम दुसऱ्या दिवशीचं. जिंकलेल्या तुकडीला बदला घ्यायचा असतो. सहकारी गेलेले असतात (लष्करी पोलिसांच्या छावणीजवळ दोन कमांडो आणि समोरच्या बाजूचा एक जण मारला गेला होता). अशा वेळी "आता कम्युनिस्ट पक्षावर बंदी घाला, धरपकड करा" असा दबाव खालून वर येतो. 1973 ला चिलीत लष्कराने निवडून आलेलं डावं सरकार उलथवून काय केलं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. पोर्तुगालमध्ये क्रांती परिषदेतले मेजर मेलो आंतुनेश 26 तारखेला टीव्हीवर आले आणि कम्युनिस्ट पक्षही पुढच्या वाटचालीत हवाच आहे, असं सांगून मोकळे झाले. काही अधिकाऱ्यांना अटक झाली, पण पक्षावर बंदी आली नाही. एआनेश आणि त्यांच्या साथीदारांनी हा निर्णय पाळून घेतला. हाताखालच्या चिडलेल्या जवानांना आवरणं हीच खरी कमांड.

अनघा_पुणे
आण्णा, प्रतिसाद फार आवडला.

त्या रात्रीचा एक किस्सा. बंडवाल्यांच्या बाजूचा एक कॅप्टन लिस्बनच्या टीव्ही केंद्रातून थेट प्रक्षेपणात बोलत होता. सरकारी बाजूने प्रक्षेपण पोर्तोच्या स्टुडिओकडे वळवलं आणि प्रेक्षकांना अचानक डॅनी के यांचा विनोदी सिनेमा दिसू लागला! क्रांतीचं भाषण अर्धवट, आणि पडद्यावर डॅनी के. घराघरांत लोकांनी एकमेकांकडे कसं बघितलं असेल कल्पना करा :)

गंमत म्हणजे एआनेश यांना टीव्हीचं महत्त्व चांगलंच ठाऊक होतं. 1974 च्या क्रांतीनंतर ते काही महिने सरकारी दूरचित्रवाणीचे अध्यक्ष होते.

घाटपायथा
डॅनी केने वाचवलेली लोकशाही! हे माहीतच नव्हतं.

मांडवीकाठ
गोव्यातून लिहितोय, त्यामुळे या विषयात राहवत नाही.

एआनेश तरुण अधिकारी असताना 1958 ते 60 इकडे गोव्यात नेमणुकीवर होते. म्हणजे मुक्तीच्या आधी वर्ष-दीड वर्ष ते परत गेले. पण मला सांगायचंय ते वेगळंच. या सगळ्या कथेची एक मुळी गोव्यात आहे आणि आपण मराठी वाचक तिच्याकडे फारसे बघत नाही.

डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सेना आत येणार हे दिसत असताना सालाझारने गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांना तार केली. आशय असा, की युद्धबंदी नाही, पोर्तुगीज कैदी नकोत, सैनिक एक तर विजयी व्हावेत नाहीतर मरावेत. इथे तीन-साडेतीन हजार सैनिक, जुनी शस्त्रं, विमानं जवळपास नाहीतच. व्हासालो इ सिल्व्हा यांनी माणसं मारून घ्यायला नकार दिला आणि 19 डिसेंबरला शरणागती पत्करली. सैनिक मे 1962 पर्यंत इथल्या छावण्यांत युद्धकैदी होते. परत गेल्यावर त्यांचं स्वागत कसं झालं? गुन्हेगारांसारखं. गव्हर्नरांना लष्करातून काढून टाकलं, इतर काही अधिकाऱ्यांनाही शिक्षा झाल्या.

पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या अख्ख्या पिढीच्या मनात हे रुतून बसलं. 1970 नंतर गिनीतलं युद्ध हरणार हे दिसायला लागलं, तेव्हा तिथले अधिकारी आपसात बोलत की आपलाही गोवा होणार. सरकार वाटाघाटी करणार नाही, आणि पराभव झाला की खापर आमच्या डोक्यावर फोडणार. एआनेश 1969 ते 73 त्याच गिनीत होते. 1974 चा उठाव ज्या कॅप्टनांनी केला, त्यांच्यापैकी कितीतरी जण गिनीतूनच आलेले.

क्रांतीनंतर व्हासालो इ सिल्व्हा यांना पुन्हा सन्मानाने लष्करात घेतलं. 1980 मध्ये ते गोव्यात येऊन गेले आणि गोवेकरांनी त्यांचं मनापासून स्वागत केलं. ज्या माणसाने पणजी बेचिराख होऊ दिली नाही, त्याच्याबद्दल इथल्या जुन्या लोकांच्या मनात आजही कटुता नाही.

सह्यगिरी
मांडवीकाठ, तुमच्या या प्रतिसादासाठीच धागा काढला होता असं म्हणावंसं वाटतंय. गोवा आणि 25 एप्रिल यांचा हा धागा शाळेच्या पुस्तकात यायला हवा.

जुना_वाचक
गोव्याचा विषय निघालाच आहे तर मोहन रानडे यांची आठवण काढू. सांगलीचा हा माणूस, आझाद गोमांतक दलाचा. 1955 मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. गोवा 1961 ला मुक्त झाला, पण रानडे लिस्बनजवळच्या काशियाश किल्ल्यात कैदेतच! त्यांची सुटका व्हायला 1969 उजाडलं. सुधीर फडके यांनी त्यांच्या सुटकेसाठी केलेली धडपड माझ्या पिढीला चांगली आठवते.

एप्रिल 1974 च्या क्रांतीनंतर दोन दिवसांत त्याच काशियाशमधले राजकीय कैदी सोडले गेले. ते फोटो बघताना मला दर वेळी रानड्यांची कोठडी आठवते. आपला माणूस त्याच भिंतींच्या आत होता. पोर्तुगालच्या लोकशाहीशी आपलं नातं नाही असं कुणी म्हणू नये.

पार्थ_डोंबिवली
अवांतर: 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या नातवंडांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो ना? माझा एक मित्र त्यावर लंडनला गेला होता.

मांडवीकाठ
मिळतो, जन्म आधी लिस्बनमध्ये नोंदवावा लागतो. पण पार्थ, त्यासाठी वेगळा धागा काढ, इथे आपण जनरलसाहेबांना बाजूला टाकू.

रेवती_के
गोव्याची माहिती अप्रतिम. आता मूळ वादाकडे येते, कारण एआनेश यांची बाजू सगळे फारच उजळ रंगवताय.

1) 1976 च्या निवडणुकीत चार उमेदवार होते, त्यांतले तीन लष्करी! एआनेश, 1974 च्या उठावाचे सूत्रधार ओतेलो आणि अॅडमिरल पिन्येरो द आझेवेदो. एकटा कम्युनिस्ट पक्षाचा पातो नागरी. लोकांना निवड होती, पण बहुतेक वर्दी-वर्दीतच.

2) राष्ट्राध्यक्ष असतानाच ते सेनादलांचे प्रमुखही होते, 1981 पर्यंत. कुठल्या सुदृढ लोकशाहीत असं चालतं?

3) 1978 मध्ये त्यांनी समाजवादी पक्षाचे नेते मारियो सोआरेश यांना पंतप्रधानपदावरून दूर केलं आणि स्वतःच्या पसंतीची तीन सरकारं एकामागून एक नेमली, संसदेत ज्यांचा पक्ष नाही अशी. पहिलं तर काही आठवड्यांत संसदेने नाकारलं.

4) 1982 ची जी घटनादुरुस्ती तुम्ही त्यांच्या खात्यात टाकताय, ती समाजवादी, सोशल डेमोक्रॅट आणि ख्रिश्चन डेमोक्रॅट यांनी दोन तृतीयांश मतांनी केली. अधिकार त्यांनी सोडले नाहीत, त्यांचे काढून घेतले गेले. त्याच वर्षीच्या संरक्षण कायद्यावर त्यांनी नकाराधिकार वापरला आणि संसदेने तो फेटाळून कायदा पुन्हा मंजूर केला.

पक्ष आणि संसद नसती तर हे जनरल कुठवर गेले असते, सांगता येत नाही.

नचिकेत_लिस्बन
रेवती, चारही मुद्द्यांतली माहिती बरोबर आहे. निष्कर्ष मात्र मला उलटा वाटतो.

संसदेने नकाराधिकार फेटाळला. पुढे काय झालं? काही नाही. कायदा लागू झाला, संरक्षण खातं आणि सेना नागरी सरकारच्या हाताखाली आली. ज्या देशात 50 वर्षं प्रत्येक वाद छावणीत सुटत होता, तिथे एका जनरलने संसदेत हार पत्करली आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन कामाला लागला. लोकशाहीची सवय अशीच लागते. तो सगळ्या बाबतींत उदार होता असं मी म्हणत नाही. त्याला अधिकार हवे होते, त्यासाठी तो भांडला, पण घटनेच्या चौकटीत भांडला.

तीन नेमलेल्या सरकारांचं म्हणाल तर त्यांतलं तिसरं मारिया द लुर्देश पिंतासिल्गू यांचं, 1979 चं. पोर्तुगालच्या इतिहासातल्या आजवरच्या एकमेव महिला पंतप्रधान! निवडणुकीपर्यंतचं अवघ्या काही महिन्यांचं सरकार, पण सामाजिक सुरक्षेचं जाळं सगळ्यांपर्यंत पोचवण्याचा त्यांनी घेतलेला ध्यास इथले वयस्क लोक आजही सांगतात. माझ्या शेजारच्या आजी त्यांचं नाव काढलं की खुलतात.

इथे 25 नोव्हेंबरवरून आजही तट आहेत. 2024 मध्ये संसदेने पहिल्यांदाच त्या दिवसाचा औपचारिक सोहळा केला, तेव्हा कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य आलेच नाहीत. उजव्यांना तो दिवस 25 एप्रिलच्या बरोबरीचा हवा, डाव्यांना ते मान्य नाही. एआनेश यांच्याबद्दल मात्र दोन्हीकडे आदर आहे, तसा दुसऱ्या फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

फौजी_आण्णा
रेवतीताईंच्या मुद्दा क्र. 2 बद्दल. दोन्ही पदं एकाच माणसाकडे असणं तत्त्वतः चूकच, वाद नाही. पण 1976 च्या पोर्तुगालमध्ये अधिकारी राष्ट्राध्यक्षांचं ऐकतील याची खात्री नव्हती, सेनाप्रमुखाचं ऐकतील याची होती. दोन वर्षं तिथे सैनिकांच्या सभा भरत होत्या, शिपाई कमांडरचा हुकूम मताला टाकत होते. हुकूम, बढती, बदली ही साखळी पुन्हा बसवायला चार-पाच वर्षं लागतात. साखळी बसल्यावर त्यांनी सेनाप्रमुखपद सोडलं. त्याआधी सोडलं असतं तर त्या जागेवर कोण बसलं असतं याचा विचार करा.

लागोसकर
मी बरीच वर्षं नायजेरियात नोकरीला होतो, म्हणून तिकडची तुलना. जनरल ओबासांजो यांनी 1979 मध्ये निवडून आलेल्या शगारींकडे सत्ता सोपवली, तेव्हा आफ्रिकेत त्यांचं केवढं नाव झालं होतं. 1999 मध्ये लष्करी राजवट संपल्यावर तेच निवडून राष्ट्राध्यक्ष झाले. पण 2006 मध्ये तिसऱ्या मुदतीसाठी घटना बदलण्याचा घाट घातला गेला आणि सिनेटने तो हाणून पाडला. तोच माणूस, आधी आपणहून जाणारा, नंतर ज्याला थांबवावं लागलं.

त्यामुळे मला रेवती यांचं म्हणणं जास्त पटतं. माणूस चांगला असो नसो, अडवणारी संस्था हवी. दक्षिण कोरियाचे रो ते-वू घ्या. 1979 च्या लष्करी बंडात सामील, 1987 मध्ये थेट निवडणुकीची मागणी मान्य करणारे, तीच निवडणूक जिंकणारे आणि पुढे बंड व भ्रष्टाचारासाठी तुरुंगात गेलेले. लोकशाही तिथेही टिकली, आणि तिथला जनरल काही एआनेश नव्हता.

अनघा_पुणे
लागोसकर, रो यांचं उदाहरण चपखल. पण कोरियात जून 1987 ला लाखो लोक रस्त्यावर होते, म्हणून त्यांना झुकावं लागलं. एआनेश यांच्यावर असा दबाव नव्हता. उलट 1980 मध्ये पंतप्रधान सा कार्नेरो त्यांच्या विरोधात, त्यांनी दुसरा जनरल, सोआरेश कार्नेरो, उभा केलेला. समाजवाद्यांचा पाठिंबा होता, पण त्यांचे नेते मारियो सोआरेश यांनी स्वतःचा काढून घेतला. मतदान 7 डिसेंबरला, आणि 4 तारखेला सा कार्नेरोंचं विमान लिस्बनच्या विमानतळाजवळ कोसळून त्यांचा मृत्यू झाला. देश सुन्न. अशा क्षणी निवडणूक पुढे ढकलायला, आणीबाणी लावायला किती सबबी होत्या! मतदान ठरल्या दिवशी झालं. एआनेश 56 टक्क्यांनी जिंकले.

रेवती_के
अनघा, हा मुद्दा मात्र मी मान्य करते. त्या तीन दिवसांचा विचार मी अशा दृष्टीने केला नव्हता.

तरी एक राहतंच. दुसऱ्या मुदतीच्या शेवटी शेवटी त्यांच्या आशीर्वादाने नवा पक्ष निघाला. 1985 ला त्याला जवळपास 18 टक्के मतं आणि 45 जागा मिळाल्या. राष्ट्राध्यक्षाने सगळ्यांच्या वर राहायचं, तर मग पक्ष कशाला?

नचिकेत_लिस्बन
ती त्यांची राजकारणातली सगळ्यात कच्ची बाजू, तिचा बचाव मी करणार नाही. पद सोडल्यावर ते त्या पक्षाचे अध्यक्ष झाले. 1987 मध्ये पक्षाने सोशल डेमोक्रॅट पंतप्रधान काव्हाको सिल्व्हांचं अल्पमतातलं सरकार पाडलं. लोकांना ते अजिबात रुचलं नाही. मध्यावधीत काव्हाकोंना स्पष्ट बहुमत आणि या पक्षाला 5 टक्क्यांच्या आत मतं. एआनेश यांनी अध्यक्षपद सोडलं. मतदारांनी त्यांना सामान्य राजकारण्यासारखं वागवलं, आणि 25 नोव्हेंबरचा नायक म्हणून वेगळी सवलत दिली नाही. देश किती पुढे आला होता ते यातून दिसतं.

नंतरचं आयुष्यही सांगण्यासारखं आहे. मार्शलचा हुद्दा देऊ केला, त्यांनी घेतला नाही. अनेक वर्षं लष्करी निवृत्तिवेतन एका कायद्यामुळे मिळालं नव्हतं, ती थकबाकी सुमारे 13 लाख युरो निघाली. तीही नाकारली. सत्तरी ओलांडल्यावर स्पेनमधल्या नव्हारा विद्यापीठातून डॉक्टरेट केली.

जुना_वाचक
13 लाख युरो! आणि हक्काचे!

पार्थ_डोंबिवली
पासपोर्टचं विचारायला आलो होतो, सगळा धागा वाचून काढला. एक शंका: त्या 10 वर्षांत एकूण सरकारं किती झाली?

अनघा_पुणे
दहा. पार्थ, सरासरी काढायला सोपी आहे :)

पण हसण्यावारी नेण्यासारखं नाही ते. त्याच काळात आफ्रिकेतून पाच लाखांच्या आसपास लोक हातात सापडेल ते घेऊन पोर्तुगालमध्ये परतले होते, नाणेनिधीकडे दोनदा हात पसरावा लागला, महागाई भडकलेली. त्या मोझांबिकहून आलेल्यांत गोव्याची कुटुंबंही पुष्कळ. एवढ्या ओढाताणीत सरकारं पडत राहिली, पण प्रत्येक वेळी घटनेच्या चौकटीतच. जून 1985 मध्ये युरोपीय समुदायात प्रवेशाचा करार झाला आणि 1 जानेवारी 1986 ला देश सदस्य झाला. नागरी लोकशाही ही त्या दारातून आत जाण्याची अटच होती, आणि हे लष्करातही सगळ्यांना ठाऊक होतं. सह्यगिरींच्या 'माणूस की परिस्थिती' या प्रश्नात युरोपही धरा.

मांडवीकाठ
मूळ प्रश्नावर माझं उत्तर देतो. सालाझारनेही नेमकी माणसं वापरून सगळं चालवलं होतं. लोकशाहीच्या बाजूने 1958 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिलेले उंबेर्तो देल्गादोही जनरलच होते. त्यांचा 1965 मध्ये गुप्त पोलिसांनी खून केला, आणि गोळी घालणारा कासिमिरो मोंतेरो हा गोव्यात जन्मलेला, गोव्यात माणसं छळून तयार झालेला पोलीस होता. म्हणजे सैन्यात आणि पोलिसांत दोन्ही प्रकारची माणसं होती. 1958 ला देल्गादो एकटे पडले, कारण मतमोजणी सरकारच्या हातात होती. 1976 ला एआनेश यांच्यामागे मोजलेली मतं होती. रेवती म्हणतात तो 92 टक्क्यांचा दिवस आधी आला, म्हणून जनरलला सरळ वागणं शक्य झालं. आणि जनरल सरळ वागला म्हणून ती मतं वाया गेली नाहीत.

सह्यगिरी
देल्गादोंचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता, आणि तो मला फार मोलाचा वाटतो.

9 मार्च 1986 ला एआनेश यांनी पदभार ज्यांच्याकडे सोपवला ते मारियो सोआरेश. ज्यांना त्यांनी 1978 मध्ये पंतप्रधानपदावरून दूर केलं आणि ज्यांनी 1980 मध्ये त्यांचा पाठिंबा काढून घेतला, तेच. दोघांचं शेवटपर्यंत फारसं जमलं नाही. सोआरेश हे 60 वर्षांतले पहिले नागरी राष्ट्राध्यक्ष.

इंडोनेशियाचे सुसिलो बांबांग युधोयोनो यांच्यावर कुणी लिहील का? 2004 मध्ये थेट निवडून आलेले निवृत्त जनरल, 10 वर्षं राहिले आणि गेले. लागोसकर, घानाच्या रॉलिंग्सबद्दल तुम्हीच लिहा.

लागोसकर
रॉलिंग्सवर रविवारी लिहितो. दोन बंडं केलेला माणूस दोन निवडणुका जिंकतो आणि जानेवारी 2001 मध्ये विरोधी पक्षाच्या कुफोर यांच्याकडे सत्ता देतो, हे सविस्तर मांडायला हवं.